छबूबाईनं घासलेले दिवे

मिशनच्या दवाखान्यात छबूबाईच्या तावडीतून सुटलेलं भांडं कुणी पाहिलं नव्हतं. पातेली, तांबे, घंगाळं यांचं सोडाच. दाराच्या कड्या, शाळेची घंटा, प्रार्थनेच्या खोलीतला पितळी क्रूस, जे म्हणून धातूचं आणि हाताला लागेल असं होतं ते आठवड्यातून एकदा चिंच आणि राख खाऊन चकचकीत व्हायचं. एकदा एका रोग्याच्या सासऱ्यानं ओट्यावर ठेवलेला पानाचा डबा तिनं कुणाला न विचारता घासून ठेवला. बिचारा म्हातारा आपला डबा ओळखू न आल्यामुळं चोरी झाली म्हणून बोंबलत सुटला. डबा त्याच्या पुढ्यातच होता. छबूबाईला वाईट वगैरे काही वाटलं नाही. "वळखू येत न्हाई म्हंजी किती मळला हुता बगा," एवढंच ती म्हणाली.

बेलापूर रोड स्टेशन, म्हणजे आज ज्याला श्रीरामपूर म्हणतात, तिथून बैलगाडीनं दोनेक तासांवर हा दवाखाना होता. कौलारू, बारा खाटांचा. डॉक्टर आठवड्यातून एकदा नगरहून यायचे, बाकी सगळा भार सिस्टर लिडियाबाईंवर. लिडियाबाई सुईणीच्या कामात तयार, बोलायला कमी आणि चालायला झपाझप. दवाखान्याची मोटार चालवायला दानीएल होता. भांडी घासायला, कपडे उकळायला आणि बाळंतिणींना शेक द्यायला छबूबाई. या तिघांनी मिळून त्या मुलखातली किती पोरं जगात आणली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि ठेवला असता तरी त्यात छबूबाईचं नाव कुणी घातलं नसतं.

छबूबाई तिथं आली कशी, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

पंचवीस सालची गोष्ट. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, नेवाशाच्या अंगाला प्रवरेकाठच्या एका वस्तीवर राहत होती. नवरा तीन महिन्यांपूर्वी पटकीनं गेलेला. पोटात पोर, आणि ते अडलेलं. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी हात टेकले तेव्हा कुणाला तरी घोड्यावर बसवून दवाखान्याकडं पिटाळलं. छबूबाई खोपटाच्या दारातच पडून होती, आत न्यायलाही कुणी धजेना. मग तिला लांबवर, बाभळींच्या मागं, दोन उजेड दिसले. ते कधी वर जायचे, कधी खाली, कधी नाहीसेच व्हायचे. प्रत्येक वेळी नाहीसे झाले की तिला वाटायचं, गेले, आता काही खरं नाही. पण ते येत राहिले.

त्या मुलखात त्या मोटारीला नावच पडलं होतं, डोळेवाली. अमेरिकी बनावटीची, टपाला ठिगळं लावलेली, चालू करायला पुढून हँडल मारावं लागे अशी. पण पुढचे दोन दिवे परातीएवढे. मोटारीला बॅटरी नव्हती. दिव्यांना वीज मिळायची ती चालत्या इंजिनातून. इंजिन जोरात तर दिवे जोरात, इंजिन मंदावलं की दिव्यांनी मान टाकलीच. शिवाय दोन्ही दिवे एकाच तारेत एकामागं एक जोडलेले, त्यामुळं एक बल्ब गेला की दुसराही विझायचा. दानीएल म्हणायचा, हे जुन्या वळणाचं जोडपं आहे, एकाच्या माघारी दुसरं राहत नाही.

या दिव्यांचा उपयोग नुसता रस्त्यापुरता नव्हता. अडलेल्या बाईच्या खोपटापुढं दानीएल मोटार अशी उभी करायचा की दोन्ही दिव्यांचा झोत थेट दारात पडावा, आणि मग तासन् तास इंजिन चढं ठेवून बसायचा. लिडियाबाई त्या झोतात काम करायच्या. गॅसबत्ती वाटेतल्या खड्ड्यांनी मँटल गळून आधीच विझलेली असे. आणि कंदिलाच्या उजेडात रक्त आणि सावली सारखीच दिसते, असं लिडियाबाईंचं म्हणणं होतं. छबूबाई त्याच झोतात बाळंत झाली. मुलगी झाली, विजयमाला. लिडियाबाईंनी टाके घातले ते त्याच उजेडात.

मुलगी झाली म्हणताच सासरच्यांनी तोंडं फिरवली. सव्वा महिना झाल्यावर छबूबाई पोरीला पाठीशी बांधून चालत दवाखान्यात आली, लिडियाबाईंच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "भांडी द्या."

लिडियाबाईंना वाटलं, हिला जेवायला ताट-वाटी हवी आहे. त्यांनी ती आणून दिली. छबूबाईनं ती घासली, पुसली आणि परत दिली. तेव्हा कुठं लिडियाबाईंच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून एकवीस वर्षं ती तिथं घासत होती.

आता मूळ गोष्ट.

लढाईच्या दिवसांत हुकूम आला की मोटारींच्या दिव्यांना काळा रंग फासा, बोटभर फट तेवढी ठेवा. दानीएलनं रंग फासला. पुढं पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा त्यानं डोळेवाली शेडमध्ये घातली आणि वर ताडपत्री टाकली. चार वर्षं ती तशीच राहिली. चार वर्षं लिडियाबाई बैलगाडीनं हिंडल्या. गाडी पोचेपर्यंत कधी पोर गेलेलं असे, कधी आई, कधी दोघंही. असं झालं की लिडियाबाई परत येऊन पुन्हा पुन्हा हात धुवायच्या. छबूबाई पाणी तापवून द्यायची.

सेहेचाळीस साल संपत आलं. लढाई संपली होती, पेट्रोल पुन्हा थोडंथोडं मिळू लागलं होतं. दानीएलनं ताडपत्री काढली, इंजिन उघडलं, जोडलं, पुन्हा उघडलं, आणि एके दिवशी डोळेवाली खोकत, थुंकत सुरू झाली. मिशनच्या समितीचं नगरहून पत्र आलं: संक्रांतीनंतर स्टेशनावर मोटार तपासणीचा कॅम्प आहे, त्यात पास झाली तर मोटार ठेवा, नाही तर भंगारवाल्याला देऊन टाका. फुकटचं धूड किती दिवस पोसायचं, असं काही तरी त्या पत्रात सभ्य भाषेत लिहिलं होतं.

दानीएलनं दिवे उघडले. काचेवरचा रंग खरवडून निघण्यासारखा होता. पण काचेमागच्या वाडग्यांना, ज्यांच्यावर आपटून उजेड पुढं जातो त्या चांदीच्या मुलाम्याच्या वाडग्यांना, चार पावसाळ्यांची ओल लागून ती तव्यासारखी काळी पडली होती. "बघू," म्हणून त्यानं ती काढून ओसरीवर ठेवली आणि टायरच्या शोधात स्टेशनावर गेला.

ओसरीवर काळी पडलेली दोन वाडगी, आणि छबूबाई! विस्तवाशेजारी लोणी ठेवण्यापैकीच हे.

तिनं ती पाहिली आणि तिला भरून आलं. हे खरंच सांगायला हवं, तिच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं. तिच्यासाठी बाभळींमधून वर-खाली होत आलेले दिवे ते हेच. आणि आज त्यांची ही दशा? तिनं चिंच कोळली. राख चाळून घेतली. डाग हटेना तेव्हा विटकर कुटली. नारळाची शेंडी घेऊन, पदर खोचून, गोल गोल फिरवत तिनं दोन तास ती वाडगी घासली, आणि तिसऱ्या प्रहरी उन्हात उताणी ठेवली तेव्हा ती सोन्यासारखी झळकत होती.

दानीएल परत आला. त्यानं एक वाडगं उचललं, दुसरं उचललं आणि दोन्ही उन्हात फिरवून पाहिली.

"कुणी केलं हे?"

"म्या," छबूबाई अभिमानानं म्हणाली. "बगा, कसं झालंय! चार वर्सांचा मळ हुता."

"बाई, मळ नव्हता तो," दानीएल रडकुंडीला येऊन म्हणाला. "चांदी होती. मळाखाली चांदी होती. तू चांदी घासून टाकलीस. हे खालचं पितळ उघडं पडलंय."

छबूबाईला ते पटेना. पितळ झालं म्हणून काय झालं? झळकतंय ना? दानीएलनं मग तिन्हीसांजेला ती वाडगी बसवली, मोटार सुरू केली, इंजिन चढं केलं. दहा पावलांवरच्या गोठ्याच्या भिंतीवर हळदीच्या पाण्यासारखा एक पिवळा डाग पडला, आणि त्यातही विटकरीच्या ओरखड्यांची गोल गोल सावली. भिंतीपलीकडं तर काहीच नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसंच झालं होतं हे.

लिडियाबाई तिथं उभ्या होत्या. त्या छबूबाईला काही बोलल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "दानीएल, बंद कर. पेट्रोल जातंय." आणि आत गेल्या. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, असं छबूबाईला वाटलं.

पुढचे चार दिवस दवाखान्यातली भांडी नुसती विसळली जात होती. खाटेवरच्या बायकासुद्धा कुजबुजू लागल्या, छबूबाईला बरं नाही वाटतं. नगरच्या छावणीत लष्करी मोटारींचे दिवे लिलावात मिळतात, ते बसवा, असं कुणी सुचवलं. दानीएल म्हणाला, त्यांना बॅटरी लागते, आणि ही बया बॅटरी मागत नाही नि घेतही नाही. हिला हिचेच दिवे पाहिजेत. छबूबाई खालमानेनं ऐकत होती.

तोड सापडली ती खाटेवरच्याच एका बाळंतिणीकडून. ती नगरची, झेंडीगेटजवळची. तिनं छबूबाईला विचारलं, "मावशी, पितळेवर चांदीच चढवायची ना? माझी खाला, आईची बहीण, चढवते. मोहरमच्या पंजांना चढवते. बद्रुन्निसा वर्खवाली म्हणून विचारा, कुणीबी दाखवील."

दुसऱ्या दिवशी पहाटे छबूबाई लिडियाबाईंच्या दारात उभी होती. काखेला गाठोडं, गाठोड्यात दोन वाडगी.

"शिस्टर, मी नगरला जाते. म्या घालवली, मीच आनते."

"तुला जमेल?"

"ठावं न्हाई."

लिडियाबाई जा म्हणाल्या. छबूबाई त्याआधी कधी आगगाडीत बसली नव्हती. बसली ती डोळे मिटूनच, आणि नगरच्या अलीकडचं विळद येईपर्यंत उघडले नाहीत.

बद्रुन्निसाचं घर शोधायला विचारावंच लागलं नाही, आवाजावरून सापडलं. तिचा नवरा बाबाजान अंगणात दगडावर कातड्याची चवड ठेवून हातोडीनं ठोकत होता, ठक ठक ठक, एका लयीत. चवडीच्या पानापानांत चांदीचे तुकडे, ठोकता ठोकता ते पसरून वर्ख व्हायचे. मिठाईवर लावतात तो वर्ख. चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी बाबाजान ठार बहिरा झाला होता आणि त्यामुळं त्या घरात भांडणं होत नसत. बद्रुन्निसा साठीची, काटकुळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं वाडगं उजेडात धरलं, फिरवलं, नखानं ओरखडा चाचपला.

"कुणी केलं हे?"

पाच दिवसांत दुसऱ्यांदा तोच प्रश्न. छबूबाईनं मान खाली घातली. "म्याच."

"कशानं?"

"चिंच अन् राख. मंग विटकर."

बद्रुन्निसानं वाडगं खाली ठेवलं, बाबाजानचा खांदा हलवला आणि खुणेनं त्याला ते ओरखडे दाखवले. "अजी, बघा तरी," ती म्हणाली, त्याला ऐकू येणार नाही हे माहीत असून. "केवढा जोर आहे या बाईच्या हातात!"

छबूबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं गाठोड्यातून फडक्यात बांधलेले दोन वाळे काढले. विजयमाला तान्ही असतानाचे, चांदीचे. "ह्ये घ्या. ह्याचा वर्ख करा, अन् चढवा."

बद्रुन्निसानं एक वाळा दगडावर घासून पाहिला. "यात भेसळ आहे गं. सोनारानं फसवलं तुला. भेसळीचा वर्ख निघत नाही, फुटतो. ठेव, नातीला होतील." मग वाळे परत फडक्यात बांधून तिनं स्वतःच ते छबूबाईच्या गाठोड्यात घातले. "चांदी माझी लावते. पण हात तुझा लागेल. माझं मनगट गेलंय, आणि हे काम आठ दिवसांचं आहे. राहशील?"

"ऱ्हाते. पन फुकट न्हाई ऱ्हायाची." छबूबाईनं स्वयंपाकघराकडं नजर टाकली. डेगची, लोटे, पानदान. "ही समदी भांडी कवा घासली व्हती?"

बद्रुन्निसाचा चेहरा पडला. पण सौदा ठरला.

आठ दिवस छबूबाई तिथं राहिली. तशी ती दोन दिवस आपली भाकरी आपणच वेगळ्या चुलीवर थापून खात होती. तिसऱ्या दिवशी बद्रुन्निसानं काही न बोलता तिच्या पुढ्यात डाळ वाढली, छबूबाईनं काही न बोलता खाल्ली, आणि तो विषय तिथं संपला.

काम मात्र संपता संपेना. आधी ओरखडे काढायचे. कोळशाची वस्त्रगाळ पूड, पाणी, आणि मऊ कातडं. घासायचं, पण हलक्या हातानं. आणि गोल गोल अजिबात नाही. मधल्या भोकापासून काठापर्यंत, सरळ. पुन्हा मधून काठाकडं. गोल फिरवलं की ओरखडा गोल पडतो आणि उजेड त्यात अडकतो, बद्रुन्निसानं सांगितलं. सरळ घासलं की उजेड निसटून पुढं जातो.

आता एकवीस वर्षं जो हात गोल फिरला तो एका दिवसात सरळ कसा चालायचा? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी गत. छबूबाई दात-ओठ खाऊन चार वेळा सरळ घासायची आणि पाचव्या वेळी हात आपोआप वळायचा. बद्रुन्निसा ओरडायची. शेवटी तिनं एक जुनी ओढणी आणली, तिचं एक टोक छबूबाईच्या कोपराला बांधलं आणि दुसरं खिडकीच्या गजाला. आता हात पुढं-मागं तेवढा जाई. गोल फिरायला गेला की ओढणी खेचायची. बाबाजान हातोडी थांबवून हे पाहत बसला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला.

पाचव्या दिवशी वर्ख चढवायला सुरुवात झाली. मिठाईचा नव्हे, जरा जाड. बाबाजाननं मुद्दाम ठोकून ठेवलेला. मंद निखाऱ्यावर वाडगं तापवायचं, हात लावला तर चटका बसेल पण कापूस जळणार नाही इतपत. मग कापसानं वर्ख उचलून ठेवायचा आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटता घोटता चांदी पितळेत मुरते. एकावर एक असे सहा थर. आणि वर्ख ठेवताना श्वास धरायचा, कारण फुंकरीनंही तो उडतो. म्हणजे बोलायचं नाही. छबूबाईच्या आयुष्यात ती एवढा वेळ गप्प कधी बसली नव्हती. विजयमालाच्या वेळीसुद्धा नाही.

पहिलं वाडगं झालं. दुसऱ्याचा चौथा थर चालू असताना ओढणीची गाठ सुटली आणि छबूबाईच्या ते ध्यानातच आलं नाही. हात वळला. वर्ख चुरगळला, खालचे तिन्ही थर सोलून वर आले. तिनं दगड खाली ठेवला आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागली.

"माज्या हाताला शापच हाय आपा. ज्याला जीव लावीन त्याचं वाटुळं करतो."

बद्रुन्निसानं तिला रडू दिलं. मग तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, उताणा केला. चिंचेनं आणि राखेनं तळव्याला भेगा पडल्या होत्या, त्यांत कोळसा बसला होता.

"शाप नाही गं वेडे, सवय आहे," ती म्हणाली. "मी नवी नवरी होते तेव्हा माझ्या सासूनं मला दोन वर्षं नुसता कापूस धरायला लावला. दोन वर्षं. तू पाच दिवसांत एक वाडगं पुरं केलंस. ते बघ तिकडं." तिनं पुरं झालेलं वाडगं पुढं सरकवलं. छबूबाईनं वाकून पाहिलं तर त्यात तिचंच तोंड, रडून सुजलेलं, पण लख्ख. दोघीही हसल्या. मग बद्रुन्निसानं कोपराला पुन्हा ओढणी बांधायला घेतली.

"नगं," छबूबाई म्हणाली. "आता मीच वळू द्याची न्हाई."

सोललेले थर काढून, पहिल्यापासून, तिनं दुसरं वाडगं केलं. ओढणीशिवाय. शेवटच्या दिवशी निघताना बद्रुन्निसानं एका चिंधीत काजळ आणि जुनी मलमल बांधून दिली. पुढं कधी काळं पडलं तर याच्यानं, मधून काठाकडं. "आणि चिंच दिसली ना," ती म्हणाली, "तर नगरहून चालत येईन आणि हात तोडीन."

परतीच्या गाडीत छबूबाई कापसात गुंडाळलेली वाडगी मांडीवर घेऊन बसली होती. ते गाठोडं पाहून शेजारच्या माणसानं विचारलं, मिठाई का? तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो राहुरीला जागा बदलून बसला.

दानीएलनं काचा खरवडून ठेवल्याच होत्या. लढाईच्या आधीचे दोन बल्ब त्यानं कापसात जपून पवित्र शास्त्राशेजारी पेटीत ठेवले होते. तेवढे दोनच होते. त्यानं वाडगी हातात घेतली, त्यांत पाहिलं, आणि मग छबूबाईकडं पाहिलं.

"छबूबाई, ही नवी असताना पण अशी नव्हती."

"बोटं लावू नका," छबूबाई म्हणाली. "घामाचा डाग पडतो."

कॅम्पाच्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेबांनी ब्रेक पाहिले, भोंगा वाजवला, आणि दिव्यांसाठी दिवस मावळायची वाट पाहिली. मग झोत रस्त्यावर टाकायला लावून ते लांबवर चालत गेले, वळून उभे राहिले आणि डोळ्यांवर हात धरला. परत येऊन म्हणाले, "हे दिवे कुठल्या कारखान्यातून करून आणले?" दानीएलनं मोटारीत मागं बसून आलेल्या छबूबाईकडं बोट दाखवलं. साहेबांना वाटलं, त्याला प्रश्न कळला नाही. त्यांनी कागदावर सही केली.

मोटार पास झाली. दानीएल भोंगा वाजवत दवाखान्यात आला, खाटेवरच्या बायका खिडक्यांना लागल्या. पण लिडियाबाई पायरीवरून हलल्या नाहीत.

"साहेबांचं पासिंग झालं," त्या म्हणाल्या. "माझं व्हायचंय."

त्यांनी आत जाऊन टाक्याची सुई आणि दोरा आणला. वाकडी, बारीक नेढ्याची. ती छबूबाईच्या हातात दिली. "त्या निंबापाशी जा. चाळीस पावलं आहेत. दानीएल झोत टाकील. ओव."

छबूबाई चाळिशी उलटलेली, उन्हातसुद्धा सुई ओवायला तिला दोनदा थुंकी लावावी लागे. पण लिडियाबाईंना नाही म्हणण्याची रीत नव्हती. ती अंधारात चालत निंबापाशी गेली आणि वळली.

दानीएलनं हँडल मारलं. इंजिन खोकलं, लागलं, चढलं. आणि दिवे उगवले.

एकवीस वर्षं तिनं हे दिवे मागून पाहिले होते, बाजूनं पाहिले होते, काळे पडलेले पाहिले होते. पण त्यांच्यासमोर ती त्या एका रात्रीनंतर आजच उभी होती. पांढराशुभ्र झोत थेट तिच्या अंगावर आला. हातावरच्या भेगा दिसल्या. भेगांतला कोळसा दिसला. निंबाचं एकेक पान दिसलं. खोपटाचं दार, म्हाताऱ्यांचे चेहरे, बाभळी, सगळं तिला पुन्हा दिसलं, आणि सुईचं तिला क्षणभर भानच राहिलं नाही.

"छबू!" लिडियाबाईंनी हाक मारली.

तिनं सुई वर धरली. नेढं स्पष्ट दिसत होतं. दोरा आत गेला. पहिल्याच खेपेला.

ती चालत परत आली आणि ओवलेली सुई लिडियाबाईंपुढं धरली. लिडियाबाईंनी सुई पाहिली, दोरा ओढून पाहिला.

"तुझ्या वेळी," त्या म्हणाल्या, "याच दिव्यांत मला चार खेपा लागल्या होत्या."

छबूबाईनं सुईतला दोरा काढायला हात पुढं केला.

"असू दे ओवलेली," लिडियाबाई म्हणाल्या. "तशीच उकळून बॅगेत ठेव. लागेल."

छबूबाईनं सुई पदराला टोचली आणि पाणी ठेवायला आत गेली.